मोसमच्या खालच्या अंगाला

२०१९च्या ऑक्टोबरात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. उद्योजकांच्या बैठकीत बोलता बोलता त्या हिंदीवर आल्या आणि म्हणाल्या, तुम्ही कांदा बंद केलात, निदान आधी सांगायचे तरी. मी आमच्या स्वयंपाक्याला सांगून टाकले आहे, आता कांद्यावाचून रांध. बोलणे थट्टेचे होते, दुखणे खरे होते. २९ सप्टेंबरला आपल्या सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती आणि तिकडे भाव कडाडले होते. वर्तमानपत्रांनी हा किस्सा चवीने छापला. त्या आठवड्यात नाशिक जिल्ह्यातल्या नामपूरच्या बाजार समितीत ट्रॉली लावून लिलावाची वाट पाहत बसलेल्या माणसाला तो वाचून हसू फुटले असेल, असे मला वाटत नाही.

ढाक्यातली चूल आणि नामपूरचा लिलाव एकाच दोरीने बांधलेले आहेत. ही दोरी शाळेत कोणी दाखवत नाही. सातवीच्या मुलाला बांगलादेशची राजधानी विचारा, सांगेल. तिथल्या नद्या विचारा, त्याही सांगेल. मग विचारा, तिथल्या माणसापर्यंत आपला कांदा पोचला नाही तर तुझ्या घरी काय होते? इथे तो गप्प बसेल. हा प्रश्न पुस्तकातला नाही, घरातला आहे, आणि घरातले शाळेत बोलायचे नसते हे तो पहिलीतच शिकलेला असतो. खरे तर त्याला सगळे ठाऊक असते. बाप बाजारातून आल्यावर पिशवी कशी टेकवतो, यावरून त्याला भाव कळतो.

अलीकडे शिक्षणाच्या सरकारी कागदांत ‘जागतिक नागरिकत्व’ आणि ‘शाश्वत विकास’ हे शब्द वारंवार भेटतात. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे ठरवली. त्यांतले चौथे शिक्षणाचे; २०३० पर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याला या दोन्हींचे ज्ञान मिळाले पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. आपल्या २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही हे शब्द उचलले. त्याच्या कितीतरी आधी, १९९१ साली, एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीने शिकवा असे बजावले होते. म्हणजे हुकूम आहे, धोरण आहे, मुदतीची तारीखसुद्धा आहे.

आणि होते काय? पर्यावरण दिन ५ जूनला येतो, तेव्हा आपल्याकडे शाळाच उघडलेल्या नसतात. मग तो पुढे कधीतरी सोयीने उरकायचा. सकाळी फेरी, ‘पाणी वाचवा’च्या घोषणा, एक रोप, एक फोटो. प्रदर्शनात हमखास निळ्या-हिरव्या रंगाची, थर्माकोलची पृथ्वी. राज्याने २०१८ साली प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या वस्तूंवरही बंदी आणली, हे ती पृथ्वी रंगवणाऱ्या मुलाला कोणी सांगितलेले नसते. नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आला. कल्पना चांगली, करून पाहण्यावर भर. पण तो श्रेणीचा विषय. आपल्याकडे श्रेणीचा विषय म्हणजे तपासणीच्या आदल्या रात्री मैत्रिणीच्या वहीतून उतरवून काढायचा विषय.

गावाला जगाशी बांधणारी दोरी मुलाच्या हातात द्यावी, तरच जगाचे नागरिकत्व शिकवता येईल. ती दोरी मुलाने ओढली की तिचे दुसरे टोक आपल्या, म्हणजे मोठ्यांच्या, अंगावर येणार आहे. आपण घाबरतो ते त्यालाच. म्हणून आपल्याला थर्माकोलची पृथ्वी बरी वाटते. ती काही विचारत नाही.

कांद्याचेच पाहू. सप्टेंबर २०१९ची बंदी, पुढच्याच वर्षी सप्टेंबरात पुन्हा बंदी. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात पूर्ण बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क कायम. सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ला ते निघाले. एवढ्या तारखा फळ्यावर लिहा आणि त्यांच्या शेजारी मुलांना आपापल्या घरच्या काटापट्ट्या मांडायला सांगा. उळे कधी टाकले, लागण कधी झाली, चाळीत माल किती भरला, त्यातला किती सडला, गोल्टी किती निघाली, उरलेला कोणत्या तारखेला कोणत्या भावाने गेला. गणित झाले, नागरिकशास्त्र झाले, भूगोल झाला. आणि मग अवघड प्रश्न : दिल्ली-मुंबईतली बाई कांदा महाग झाला म्हणून रडते, तीही आपलीच, ढाक्यातली बाई रडते, ती कोणाची? सरकारने कोणाचे ऐकायचे? याचे उत्तर मास्तरांकडे नसले तरी चालेल. तीन वेगवेगळ्या घरांतल्या तीन चुली एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवून विचार करायची सवय लागली, तर माझ्या लेखी ते जागतिक नागरिकत्व आहे. नुसते ‘शेतकरी विरुद्ध सगळे’ असे शिकवायला शाळा लागत नाही, ते पारावर फुकट मिळते.

द्राक्षाची गोष्ट याहून टोचणारी आहे. आपल्या बागलाण तालुक्याची द्राक्षे आगाप. आपण छाटणी लवकर धरतो, बाकी नाशिकच्या आधी माल काढतो आणि परदेशी पाठवतो. २०१० साली महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात अडकली. वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश त्यांत सापडला होता. बागाईतदारांचे कंबरडे मोडले. त्यातून आपण धडा घेतला, हेही खरे. निर्यातीच्या बागेची आज नोंदणी होते, फवारणीची वही ठेवली जाते, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो, पेटीवरून बागेपर्यंत माग काढता येतो. हॉलंडमधल्या कुठल्याशा मुलाच्या तोंडात जाणारा मणी कोणत्या गटातला, त्यावर शेवटची फवारणी कधी झाली, हे सगळे आपल्याला सांगता येते.

आता आठवडे बाजारात चला. तिथल्या वांग्याची, मेथीची, टोमॅटोची वही कोणाकडे आहे? ‘एक्स्पोर्टचा प्लॉट’ आणि ‘लोकलचा माल’ हे दोन शब्द आपण किती सहज बोलतो! त्या दुसऱ्या शब्दात आपलीच पोरे येतात. हा प्रश्न आठवीतल्या मुलीने आजोबांना विचारला तर आजोबा काय सांगतील, मला कल्पना नाही. पण तिने तो विचारावा, आणि शाळेने तिला विचारायला शिकवावे, असे मला वाटते. लांबच्या मुलाच्या पोटाची काळजी आपण त्याच्या देशाच्या धाकाने करायला लागलो. जवळच्या मुलाची काळजी करायला कोणाचा धाक हवा आहे?

‘शाश्वत’ हा शब्द जड आहे, पुस्तकी आहे. पण त्यातला विचार आपल्या भागाला नवा नाही. मोसम, आरम, पांझरा या नद्यांच्या काठांवर तीनचारशे वर्षे फड पद्धत चालली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखाली सलग जमिनीचे तीनचार फड. बहुतेक खातेदारांचे तुकडे प्रत्येक फडात असत. एका फडात एकच पीक. पाऊस कमी झाला की सगळ्यांनी बसून ठरवायचे, यंदा अमुक फड पडीक ठेवायचा. तुकडे सगळ्यांचेच असल्याने तोटाही सगळ्यांना सारखा. पाणी मालकाने स्वतः धरायचे नाही. पाटकरी धरणार, वरून खाली क्रमाने, आणि पाटकऱ्याला कोणाचा बांध कुठे याच्याशी देणेघेणे नाही. देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. पाट गाळाने भरला की सगळ्यांनी उपसायचा. कमी पाण्याचे ओझे वाटून घेण्याची इतकी साधी आणि इतकी अचूक व्यवस्था मला दुसरी माहीत नाही. पुढे वर धरणे झाली, शेतात विहिरी आल्या, विजेचे पंप आले आणि ‘आपले पाणी’ जाऊन ‘माझे पाणी’ आले. पाट आता बऱ्याच ठिकाणी नुसता खाणाखुणांनी ओळखायचा.

मात्र फडाची आरती ओवाळायची माझी तयारी नाही. फडात ज्याला जमीन त्यालाच पाणी होते. ज्याला जमीन नव्हती त्याच्या वाट्याला राखण आली, गाळ उपसणे आले, हक्क आला नाही. निर्णयाच्या बैठकीत बाई नव्हती. मुलांना फड शिकवायचा तर ही खोटही शिकवायला हवी. नाहीतर तो ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ या नेहमीच्या गर्वगीतातला आणखी एक अंतरा होईल. वाटपाची बुद्धी घ्यायची, वगळण्याची सोडायची. एवढा निवाडा चौदा वर्षांच्या मुलाला नक्की करता येतो.

आज त्या जागी काय आहे? पाचशे फुटांना लागले नाही म्हणून आठशे. भावाचे आटले म्हणून भावाच्या बांधाला लागून आपले. सकाळी पोराने फेरीत ‘थेंब थेंब वाचवा’ म्हणायचे आणि संध्याकाळी त्याच्याच शेतात बोअरची गाडी उभी असायची. पोर दोन्ही पाहते. त्यातून ते जे शिकते त्याला मूल्यशिक्षण म्हणायचे असेल तर म्हणा : बोलायचे एक असते, करायचे दुसरे. या धड्याला श्रेणी नसते, पण तो आयुष्यभर विसरला जात नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. हवामान बिघडवले कोणी? शंभर-दीडशे वर्षे कोळसा आणि तेल जाळून श्रीमंत झालेले देश वेगळे, आणि गारपिटीत कांदा झोडपून निघतो तो बागलाणचा. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट अजून कोणी विसरलेले नाही. अनवाणी शाळेत येणाऱ्या मुलाला ‘तुझा कार्बन कमी कर’ सांगणे हे शिक्षण नाही, उद्धटपणा आहे. मान्य. म्हणूनच मी म्हणतो की जागतिक नागरिकत्व हे कर्तव्यांच्या यादीसारखे शिकवू नये. नागरिकाला हक्क असतात, त्याला हिशेब मागता येतो. कोणी किती जाळले, कोणी किती भरपाई कबूल केली, हे वाचायला आणि विचारायला नामपूरच्या मुलीला आले पाहिजे. फक्त एक अट : जगाकडे हिशेब मागणाऱ्याने आपली वही बंद ठेवायची नाही. अमेरिकेने धूर सोडला म्हणून मल्चिंग पेपर बांधावर पेटवून द्यायचा परवाना आपल्याला मिळत नाही. तेल्या रोगाने डाळिंबाच्या बागा संपवल्या, तेव्हा आपल्या कसमादे पट्ट्यात एकाच पिकावर किती भार टाकला होता, हाही प्रश्न आपल्याच वहीतला.

दुसरा आक्षेप मास्तरांचा. पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, निवडणुका, सर्वेक्षणे. त्यात आणखी हे? त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे. नवा विषय नकोच. आहे त्या प्रकल्पांच्या वह्या फेकून द्या आणि त्या तासांना खरे काम करा. शाळेच्या छपरावर एक पर्जन्यमापक ठेवा. रोज सकाळी आठला दोन मुलांनी वाचायचा, तारीख घालून भिंतीवर लिहायचा. १० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे ४० हजार लिटर पाणी, हे गुणाकाराने काढायचे. मग गावातल्या दहा विहिरी निवडून दर महिन्याला दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजायची. मोसमचे आवर्तन हरणबारी धरणातून कधी सुटले, गावाशी कधी पोचले, किती दिवस टिकले, नोंदवायचे. वर्षभराने मुलांजवळ जी वही तयार होईल तशी गावात दुसऱ्या कोणाजवळ नसेल.

आणि ती वही ग्रामसभेत वाचली गेली पाहिजे. सरपंच, सोसायटीचे संचालक, बागाईतदार समोर बसलेले असताना, नववीच्या मुलीने उभे राहून सांगायचे की फेब्रुवारीत दहापैकी इतक्या विहिरी कोरड्या पडल्या आणि त्याच महिन्यात गावात इतके बोअर झाले. हिवरे बाजारला दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडला जातो, त्यावरून पिके ठरतात; ऊस, केळी आणि शेतीसाठी बोअर यांना गावाने स्वतःहून बंदी घातली. तो दंडक गावातल्या मोठ्यांनी घातला, हे खरे. आमच्याकडे मोठे उठत नसतील तर सुरुवात पोरांनी करावी. पोरीच्या तोंडून आलेला आकडा बापाला उडवून लावणे कठीण जाते.

हे काही परदेशी खूळ नाही. १८८२ साली हंटर आयोगासमोर निवेदन देताना महात्मा फुल्यांनी खेड्यातल्या शाळांत शेतीचे शिक्षण हवे, आणि त्याला जोडून नमुन्यादाखल लहानशी शेतजमीन हवी, अशी मागणी केली होती. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत असेही त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी लिहून पुरा केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ते पावसाचे पाणी शेतांत मुरावे म्हणून ताली-बंधारे कसे घालावेत ते सांगतात. शाळा आणि शिवार यांच्यामध्ये भिंत नको, हे त्यांना दिसले होते. आपण ती भिंत बांधली, वर तिच्यावर सुविचार रंगवले.

त्या भिंतीने आणखी काही अडवले आहे. वर्गात मूल अहिराणीत उत्तर देते आणि त्याला ‘नीट बोल’ म्हणून खाली बसवले जाते. ज्या भाषेत ते नदीला, ढगाला, बैलाला ओळखते ती भाषा दाराबाहेर ठेवून त्याला जगाचे नागरिक करायचे! लागणीच्या दिवसांत मजुरांच्या मुलांच्या जागा वर्गात रिकाम्या दिसतात. ती मुले आईबरोबर वाफ्यात असतात. हजेरीपटावर ती ‘गैरहजर’. ज्या कांद्यावर आपण भूगोल शिकवू म्हणतो, तो लावणारे मूल त्या तासाला नसणार असेल तर आपल्या धड्यात काहीतरी मूळचेच चुकले आहे. हंगामापुरती का होईना, त्या मुलांना ठेवून घेणारी सोय गावाने केल्याशिवाय बाकीच्या गोष्टी बोलण्यात अर्थ नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी ठेवली आहे. मोसम साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांतून येते, ताहाराबाद, जायखेडा, नामपूर करत मालेगावात शिरते, किल्ल्याजवळून जाते आणि गिरणेला मिळते. गिरणा तापीला, तापी सुरतेपलीकडे खंभातच्या आखाताला. वरून आपण जे सोडतो ते खालच्याला मिळते आणि जे अडवतो ते त्याला मिळत नाही. आपल्या खालच्या अंगाला पहिले मोठे गाव मालेगाव. तिथे यंत्रमागांच्या खडखडाटात वाढणारी, उर्दू शाळांत शिकणारी हजारो मुले आहेत. ती त्याच नदीच्या काठी राहतात. आपल्या मुलांनी त्यांच्याबद्दल काय ऐकले आहे, आणि त्यांच्यापैकी किती जणांशी ती आयुष्यात एकदा तरी बोलली आहेत? जपानच्या मुलाला शुभेच्छापत्र पाठवायचा उपक्रम शाळा उत्साहाने करतात. जपान सोपे आहे. त्याच्याशी आपले पाणी वाटून घ्यायचे नसते.

दुसऱ्याकडे जायचा धडा आपल्याला नवा नाही. साने गुरुजी खानदेशातच, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणे स्वतः आवरणारा हा शिक्षक पुढे आंतरभारतीचे स्वप्न मांडतो : एका भाषेच्या माणसाने दुसऱ्या भाषेच्या माणसाकडे जावे, राहावे, शिकावे. त्यांनी लिहिलेली प्रार्थना आजही शाळाशाळांतून रोज म्हटली जाते. म्हणून झाली की मुले ‘सावधान’ होतात आणि आपापल्या वर्गात जातात.

एक वर्षभर असे करून पाहा. नामपूरच्या एका शाळेचा आठवीचा वर्ग आणि मालेगावच्या एका उर्दू शाळेचा आठवीचा वर्ग, दोघांनी महिन्यातल्या एकाच दिवशी मोसमचे पाणी बाटलीत भरायचे, रंग, वास, गाळ, खोली लिहून काढायची. एकदा त्यांनी इकडे यायचे, बंधारा पाहायचा, कांद्याच्या चाळीत शिरायचे. एकदा यांनी तिकडे जायचे, माग पाहायचे, त्यांच्या काठावर उभे राहून आपण वरून काय पाठवतो ते पाहायचे. दोन वह्या शेजारी शेजारी ठेवायच्या, एक डावीकडून लिहिलेली, एक उजवीकडून. मुख्याध्यापकांनो, यासाठी संयुक्त राष्ट्रांची परवानगी लागत नाही आणि शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहायचीही गरज नाही. पालकांची समजूत घालावी लागेल, ती मात्र तुम्हालाच घालावी लागेल. नामपूरहून मालेगाव एसटीने तासाभराचा रस्ता आहे.